मोटारीच्या रंगाची राखण



'अळवावरचे पाणी' हा शब्दप्रयोग आपण क्षणभंगुर गोष्टीसाठी योजतो. बेळगावच्या पावसाळ्यात परसातील अळूच्या पानाकडे घटकाभर पाहावे, म्हणजे तो कसा सुचला असेल हे उमगते. पाऊस पानावर पडतो, थेंब पाऱ्यासारखे वाटोळे होतात, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की सारे पाणी खाली ओघळून पान कोरडेच्या कोरडे राहते. अलीकडे हेच दृश्य मोटारींच्या दुकानांतून विक्रीस निघाले आहे. गाडीच्या बॉनेटवर कसलासा द्राव चोळावयाचा, वर तांब्याभर पाणी ओतावयाचे, आणि पाण्याचे मोती घरंगळू लागले की गिऱ्हाइकास सांगावयाचे, 'पाहा, आता रंगाची काळजी मिटली!' हे मोती काही शे रुपयांच्या बाटलीतही मिळतात आणि पाच आकडी रकमेच्या लेपातही मिळतात. मग या दोहोंत फरक कोणता, आणि सामान्य माणसाने त्यांची पारख कशी करावी, याचा आज विचार करू.

हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या या सीमाभागात मोटार ही पुष्कळांच्या पोटापाण्याची सोय आहे. बेळगावाहून गोव्याला, निपाणीहून कोल्हापूरला भाड्याची गाडी चालविणारा माणूस कर्ज काढून गाडी घेतो, पाच-सहा वर्षे ती राबवितो आणि मग ती विकून दुसरी घेतो. विकतेवेळी गिऱ्हाईक इंजिन मागाहून पाहते, आधी रंग पाहते. आमच्या शेजारच्या एका गाडीवाल्यास कोणी दुकानदाराने 'टेफ्लॉन'चा लेप एका वर्षाच्या हमीवर दिला होता. पावसाळा सरतो न सरतो तोच गाडी पूर्ववत मळकट दिसू लागली. 'मास्तर, यांतले खरे कोणते?' असे त्याने मला विचारले. त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यासारख्या सर्वांनाच उपयोगी पडावे, म्हणून हे भाषण.

प्रथम आपल्या मुलखातील गाडीच्या रंगाचे शत्रू कोण ते पाहू. बेळगावच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस, खानापूर-जांबोटीच्या अंगाला, जांभ्याची तांबडी माती आहे. तिचा रंग लोहाच्या प्राणिदांचा, म्हणजे एका अर्थी गंजाचाच आहे. चोर्ल्याच्या घाटातून एक खेप केली की चाकांच्या कमानी आणि दारांचा खालचा भाग या चिखलाने माखतो. निपाणीच्या बाजूला काळी माती, तंबाखूच्या वखारींभोवती उडणारी बारीक पूड, आणि गाळपाच्या हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून येऊन बसणारी काजळी. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी, आणि गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधूनही, लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात व रंगात रुतून बसतात. कॅम्पातील झाडांखाली गाडी उभी केली तर पाखरांची विष्ठा. आणि या सर्वांवर कळस म्हणजे एप्रिल-मेचे ऊन व त्यामागून येणारा चार महिन्यांचा पाऊस.

आता ज्याची राखण करावयाची तो रंग किती जाड असतो? अँबॅसडर व फियाट यांच्या जमान्यात गाडीला एकाच जातीचा रंग असे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागे, हे जुन्या चालकांना आठवत असेल. आजच्या गाडीवर पत्र्यालगत गंजरोधक अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगणाचा थर असतो. हे सारे मिळून साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरचा पारदर्शक थर सुमारे 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही बहुधा बारीक. गाडीची झळाळी ती या थरावर. एकदा तो झिजला की त्याची भरपाई कोणत्याही बाटलीने होत नाही. गाडी पुन्हा रंगवावी लागते. त्याच्यावर आणखी एक बळी देण्याजोगा थर चढवावा, ऊनपाऊस त्याने सोसावा, आणि तो झिजला की नवा द्यावा, अशी ही सारी युक्ती आहे.

या युक्तीचे सर्वांत जुने साधन म्हणजे मेण. त्यांत कार्नोबाचे मेण श्रेष्ठ मानतात. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर ते धरते. नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण. सुमारे 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून त्यात तेले व द्रावक मिसळून मऊ करावे लागते. त्याने रंगाला एक खोल, उबदार चमक येते. पण ते पृष्ठभागावर नुसते बसलेले असते, त्याला जखडलेले नसते. उन्हात तापलेला पत्रा आणि साबणाचे पाणी यांपुढे त्याचा टिकाव महिना-दीड महिन्यापलीकडे सहसा लागत नाही. आपल्या पावसात तर त्याहूनही कमी.

दुसरे साधन म्हणजे कृत्रिम सीलंट. हे कारखान्यात तयार केलेल्या पॉलिमरांचे, म्हणजे बहुवारिकांचे, बहुधा सिलिकॉन आणि अ‍ॅक्रिलिक जातीच्या द्रव्यांचे असते. त्यांतील काही रेणूंची टोके रंगाला घट्ट चिकटतात व लांब साखळ्या परस्परांत गुंततात. मेणापेक्षा ते उष्णता व साबण अधिक सोसते. चांगल्या रीतीने लावलेले सीलंट चार ते सहा महिने काम देते. त्याची चमक मेणाहून काहीशी थंड, आरशासारखी असते; पांढऱ्या व चंदेरी गाड्यांना ती शोभते. मात्र ते लावल्यावर जमण्यासाठी बहुधा बारा ते चोवीस तासांची कोरडी वेळ मागते. तेवढ्यात पाणी पडले तर अर्धे काम वाया जाते. दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सीलंटवर मेण बसते. मेणावर सीलंट बसत नाही. कारण त्याला धरावयास रंग हवा असतो, आणि मध्ये मेणाचा पडदा आला की त्याची पकडच सुटते.

तिसरे साधन म्हणजे ज्याला आज 'सिरॅमिक कोटिंग' म्हणतात ते. नाव भांड्यांचे असले तरी येथे भट्टी नसते. सिलिकाजन्य द्रव्य द्रावकात विरघळवून गाडीवर पुसतात. हवेतील दमटपणाशी त्याचा संयोग होऊन काचेच्या जातीचा अतिशय पातळ थर रंगाला जखडून बसतो. तो साबणाने निघत नाही. घासूनच काढावा लागतो. वर्ष-दोन वर्षे, नीट राखल्यास त्याहून अधिक काळ तो टिकतो. पण जो गुण तोच दोष. लावताना एखाद्या ठिकाणी पुसावयास उशीर झाला की तेथे डाग कायमचा उमटतो, आणि आपल्या दमट हवेत ही घाई अधिकच असते. शिवाय त्याच्याखाली जे चरे राहिले, ते काचेखालच्या चित्रासारखे जपले जातात. म्हणून खर्चाचा मोठा वाटा द्रावाचा नसून, त्याआधी रंग निर्मळ करणाऱ्या कारागिराच्या श्रमाचा असतो, किंवा असावयास हवा.

टेफ्लॉनविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना हा पदार्थ योगायोगाने सापडला. तव्याला तो चिकटतो याचे कारण तवा कारखान्यात अतिशय तापवितात. हा पदार्थ सुमारे 327 अंशांना वितळतो. मोटारीचा रंग कारखान्याच्या भट्टीत सुमारे 140 अंशांवर पक्का केलेला असतो. तीनशे अंशांवर तो रंग राहणारच नाही. तेव्हा दुकानाच्या आवारात फडक्याने चोळलेल्या 'टेफ्लॉन'ने तव्यासारखी किमया घडेल, ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. अशा बाटलीत जो काही टिकाऊपणा असेल, तो त्यातील सिलिकॉन-पॉलिमरांचा. नाव बाजूला ठेवून तिला साधे सीलंट समजावे आणि सीलंटचीच किंमत द्यावी.

सिरॅमिकच्या जाहिरातीत '9 एच' असा एक आकडा असतो, आणि विक्रेते त्याचा संबंध थेट हिऱ्याशी जोडतात. हा आकडा आम्हां शाळामास्तरांच्या ओळखीचा आहे, कारण तो पेन्सिलीचा आहे. पेन्सिलीतील काडी ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांची. चिकणमाती जास्त तितकी काडी कठीण. रंगाच्या परीक्षेत ठरावीक दाबाने 45 अंशांच्या कोनात पेन्सिल पुढे ढकलतात. जी पेन्सिल ओरखडा काढू शकत नाही तिचा क्रमांक त्या थराला मिळतो. 9 एच म्हणजे या रांगेतील सर्वांत कठीण पेन्सिल, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांची कठिणता मोजणारे मोहसचे कोष्टक निराळे. त्यात हिरा 10 वर आणि रस्त्यावरच्या वाळूतील गारगोटी 7 वर आहे. गारगोटीपुढे पेन्सिलीची मातब्बरी ती काय! शिवाय एक-दोन मायक्रॉनांचा थर कितीही कठीण असला, तरी खालचा रंग मऊ असला की दाबाखाली दोन्ही मिळून खचतात. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी यांपैकी कोणत्याही थराला जुमानत नाही. तिच्यासाठी दीड-दोनशे मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लागते. पण तिचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

आता त्या मोत्यांकडे वळू. अळूचे पान, कमळाचे पान ही पाण्याला का शिवू देत नाहीत, याचा उलगडा जर्मनीतील बार्थलॉट व नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 साली सविस्तर केला. पानावर मेण असते हे खरे. पण त्या मेणाखाली डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे असतात. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर अधांतरी राहतो आणि घरंगळताना धूळही बरोबर नेतो. मोटारीचा पृष्ठभाग गुळगुळीत. त्यावर मेण चोळा की सिरॅमिक, पाणी पानावरच्याइतके वाटोळे होऊ शकत नाही. आणि मुख्य म्हणजे पान जिवंत असते. झिजलेले मेण ते पुन्हा निर्माण करते. गाडीचा थर एकदा गेला की गेला.

म्हणूनच मोती हा संरक्षणाचा पुरावा नव्हे. कसल्याही तेलकट थरावर पाणी थोडेबहुत गोळा होतेच. उलट, थर शाबूत असूनही त्यावर मळाचे पटल बसले तर मोती नाहीसे होतात आणि नीट धुतल्यावर परत येतात. आणखी एक तोटा आहे. पुष्कळ घरी गाडी बोअरच्या जड पाण्याने धुतात. त्याचे मोती उन्हात जागीच वाळले की प्रत्येक मोत्याच्या जागी क्षारांचे पांढरे वर्तुळ उरते, आणि ते वेळीच काढले नाही तर रंगात कोरले जाते. म्हणजे ज्याला भुलून पैसे मोजले, तोच मोती डाग ठेवून जातो. तेव्हा थेंब किती गोल आहे यापेक्षा पाणी किती लवकर निघून जाते, हे पाहणे शहाणपणाचे.

मग पारख करावी कशी? विज्ञानाच्या तासाला मुलांना आम्ही जो नियम शिकवितो तोच येथे लावावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि एक भाग कोरा ठेवावा. बॉनेट स्वच्छ धुऊन कागदी चिकटपट्टीने त्याचे चार भाग करा. एकावर मेण, दुसऱ्यावर एक सीलंट, तिसऱ्यावर दुसरे सीलंट, आणि चौथा तसाच. सर्व एकाच दिवशी, एकाच हाताने, सावलीत लावा. नंतर चारही भाग एकाच पाण्याने, एकाच शाम्पूने धुवा. दर पंधरवड्याला तीन गोष्टी वहीत टिपा : पाणी ओतल्यावर किती वेळात निघाले, वाळल्यावर किती मळ उरला, आणि तो मळ काढावयास किती श्रम पडले. तीन महिन्यांत तुमच्या अंगणातील, तुमच्या पाण्याचा आणि तुमच्या पावसाचा निकाल हाती येतो. परदेशातील कोरड्या हवेत लिहिलेल्या स्तुतीपेक्षा तो लाख मोलाचा. बाटल्यांचा खर्च शेजाऱ्यांनी वाटून घेतला तर तो जाणवणारही नाही. कोरा भाग मात्र विसरू नये. तो नसेल तर थराने काय केले आणि नुसत्या धुण्याने काय झाले, हे कधीच कळणार नाही.

थर कोणताही असो, त्याची तयारी एकच. गाडी धुतल्यावर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोटे पत्र्यावरून फिरवा. डोळ्यांना न दिसणारी खरखर पिशवीतून स्पष्ट जाणवते. ती लोखंडी कणांची व डांबराची. त्यासाठी मिळणारी विशेष मातीची वडी ओली करून हलक्या हाताने फिरविली की पृष्ठभाग काचेसारखा होतो. त्यानंतरच थर द्यावा. पॉलिशने मात्र वरचे रोगण प्रत्येक वेळी थोडे खरवडले जाते. ते रोगण किती बारीक हे आपण पाहिलेच. तेव्हा दर सर्व्हिसिंगला मशीन फिरवून घेण्याचा सोस नसावा.

आणि आता सर्वांत मोठा शत्रू, ज्याचे नाव मी मुद्दाम मागे ठेवले. तो म्हणजे सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची आपली सवय. रात्रभर बसलेली धूळ, तीत गारगोटीचे कण, आणि त्यावरून फडके! उन्हात गाडी पाहिली की दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या याच सवयीच्या. पाच आकडी लेपही यापुढे टिकत नाही. आधी नुसत्या पाण्याने धूळ भिजवून वाहू द्यावी, मग दोन बादल्या घ्याव्यात : एकीत शाम्पू, दुसरीत फडके पिळावयाचे पाणी. राकसकोपचे पाणी उन्हाळ्यात जपून वापरावे लागते हे बेळगावकरांना सांगावयास नको. पण दोन बादल्यांत गाडी होते, नळी सोडून ठेवावी लागत नाही. कपडे धुण्याची पूड वापरू नये. ती मळाबरोबर मेणही नेते.

येथे एक गोष्ट मन अस्वस्थ करते. गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करणारी पोरे बहुधा शाळा सोडलेली असतात. लोखंडी कण विरघळविणारी, चाके चकचकीत करणारी तीव्र रसायने ती उघड्या हातांनी चोळतात. गाडीच्या रंगावर कोणता थर द्यावा याचा आपण इतका काथ्याकूट करतो. त्या हातांवर रबरी मोज्यांचा एक थर असावा, एवढे मालकास सांगण्यास आपले काय जाते? गिऱ्हाइकाने विचारले तर मालक ऐकतो.

काळवेळाचेही गणित आहे. सीलंटला कोरडा दिवस लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो मिळणे दुरापास्त. म्हणून एक हात मेच्या उत्तरार्धात, मृगापूर्वी. आणि दुसरा पाऊस उघडल्यावर, खंडेनवमीच्या सुमारास. त्या दिवशी गाड्या धुऊन हार घालण्याची आपली रीत आहेच. पूजेच्या दोन दिवस आधी थर दिला तर कुंकवाचे बोट व झेंडूचा रसही सहज निघून येतो. हार मात्र चिकटपट्टीने रंगावर डकवू नये. पाखरांची विष्ठा दिसताच ओल्या फडक्याने भिजवून काढावी. उन्हात मऊ झालेले रोगण थंड होताना तिच्या भोवती आवळते आणि ठसा राहतो.

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर. गाडी उघड्यावर उभी राहते, रोज रस्त्यावर असते, आणि मालक स्वतः धुतो, अशा माणसाने वर्षातून दोनदा साधे, चांगल्या प्रतीचे सीलंट स्वतःच्या हाताने लावावे. खर्च थोडा, एखादा हात चुकला तरी पुढच्या खेपेस सुधारता येतो. ज्याची गाडी नवी, छपराखाली उभी राहणारी आणि पाच-सात वर्षे ठेवावयाची आहे, त्याने सिरॅमिकचा विचार करावा. परंतु द्रावाचे नाव विचारण्याआधी तयारीस किती तास देणार ते विचारावे, आणि हमीच्या कागदावरील बारीक अक्षरे, विशेषतः दरवर्षी पैसे भरून तपासणी करून घेण्याची अट, घरी नेऊन वाचावी. जुन्या गाडीची हौसेने निगा राखणाऱ्याने मेण खुशाल लावावे. रविवारची सकाळ त्यात आनंदाने जाते. आणि ज्याच्यापाशी यांपैकी कशालाच पैसे नाहीत, त्याने फडके भिजवून वापरावे आणि गाडी सावलीत उभी करावी. उन्हापासून रोगण वाचविण्यात कोणतीही बाटली सावलीची बरोबरी करू शकत नाही.